मेंदूला चुंबक लावून थायरॉइड आणि पीसीओडी बरं होतं का?

शेवंती | ३ जून, रात्री १०:१२

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. वय ३६, पुणे. सात वर्षं थायरॉइडची गोळी चालू आहे (७५ ची), पीसीओडी कॉलेजपासूनचं. पाळी दीड-दीड महिना येत नाही, न्हाणीघराच्या जाळीत रोज केसांचा पुंजका, आणि वजनाबद्दल न बोललेलंच बरं. मागच्या महिन्यात टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) ९.८ आला. डॉक्टर म्हणाले डोस वाढवू. ऐकून डोळ्यांत पाणीच आलं.

तेवढ्यात नणंदेने एक जाहिरात पाठवली. आमच्या भागात नवीन सेंटर निघालंय, "औषधाविना हार्मोन संतुलन". डोक्याला यंत्राने चुंबकीय लहरी देतात, त्याने मेंदूतली "मास्टर ग्लँड" जागी होते आणि थायरॉइड, पीसीओडी, वजन सगळं मुळापासून जातं म्हणे. ३० सेशनचे ७८ हजार, एकदम भरले तर ६५. जाऊन आले. स्वच्छ जागा, एसी, गवती चहाचा वास. तारांची टोपी घालून "ब्रेन मॅप" काढला (तो फुकट) आणि रंगीत प्रिंट हातात दिली. मेंदूचं चित्र, मधोमध लालभडक. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "बघा, तुमचा हायपोथॅलॅमस वीक आहे."

नवरा म्हणतो हप्त्याने भरू. मी नेटवर शोधलं तर हे यंत्र खरंच मोठमोठ्या हॉस्पिटलांत वापरतात, त्यामुळे सरळ भोंदूगिरी म्हणावी असंही वाटत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा. टिंगल नको प्लीज.

टवाळ_बोका | रात्री १०:२०

लाल म्हणजे वीक? मोबाईलची बॅटरी लाल झाली की आम्ही चार्जिंगला लावतो. ६५ हजारांचा चार्जर मात्र पहिल्यांदाच ऐकला.

(टिंगल नाही हो ताई. पैसे भरू नका एवढंच.)

वायरमन_सोलापूर | रात्री ११:०५

मी डॉक्टर नाही, आयुष्य मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यात गेलं, तेव्हा यंत्रापुरतं बोलतो.

यंत्र खरं आहे. फॅरेडेने १८३१ साली दाखवलं की चुंबकीय क्षेत्र बदलतं ठेवलं तर शेजारच्या वाहकात वीज उत्पन्न होते. आपला ट्रान्सफॉर्मर त्याच तत्त्वावर चालतो. इथे एका बाजूला तांब्याची कॉइल आणि दुसऱ्या बाजूला तुमचा मेंदू, एवढाच फरक. इंग्लंडात शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हे माणसाच्या डोक्यावर करून दाखवलं. कवटीवर कॉइल धरली, खटका दिला आणि समोरच्या माणसाचा हात उडाला. कुठे सुई नाही, तार नाही. कॉइलमधून क्षणभर हजारो अँपिअर जातात, क्षेत्र दीड-दोन टेस्लापर्यंत पोचतं, म्हणजे एमआरआयच्या तोडीचं, पण मिलिसेकंदाहून कमी वेळ.

आता गोम ऐका. हे क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने पडतं. वायरलेस चार्जरवरून मोबाईल चार बोटं वर उचलून बघा, चार्जिंग बंद. नेहमीच्या इंग्रजी आठच्या आकाराच्या कॉइलचा असर कवटीखाली दोन-तीन सेंटिमीटर. जास्त खोल जाणाऱ्या कॉइल निघाल्या आहेत, पण खोल जायचं तर वरचा मोठा भाग आधी भाजून निघतो (शब्दशः नव्हे), कारण क्षेत्र पृष्ठभागाशीच सगळ्यात जोरदार असणार. वरचं सोडून फक्त आतलं गाठणं या पद्धतीने जमत नाही.

आणि ती मास्टर ग्लँड, पिट्युटरी, मेंदूच्या पार तळाशी, नाकाच्या मुळामागे हाडाच्या खोबणीत बसलेली असते. हायपोथॅलॅमस, म्हणजे तिला हुकूम देणारा मेंदूचा भाग, तिच्या जरा वर. कवटीवरून कॉइलने तिला "जागी" करणं म्हणजे गच्चीवर पाय आपटून तळघरातल्या माणसाला उठवणं झालं. इमारतीतले बाकीचे सगळे आधी उठतील.

प्राजक्ता_ना | ४ जून, सकाळी ७:४०

मी स्वतः हे घेतलंय म्हणून लिहितेय. हार्मोनसाठी नाही, डिप्रेशनसाठी. मुलगी झाल्यावर तिसऱ्या महिन्यात मी पार कोसळले होते. बाळ रडलं की मला भिंतीकडे तोंड करून झोपावंसं वाटायचं. एक गोळी दोन महिने घेऊन फरक पडला नाही. अंगावर पाजत होते, त्यामुळे आणखी औषधं वाढवायला मी तयार नव्हते. तेव्हा सायकियाट्रिस्टनी आरटीएमएस (म्हणजे हेच, डोक्याला चुंबकीय खटके देणं) सुचवलं, कारण त्यातून दुधात काही उतरत नाही.

आधी प्रश्नांची ही मोठी यादी. फिट आली होती का, डोक्यात क्लिप, कानात इम्प्लांट, पेसमेकर, कसली औषधं चालू आहेत. आणि ज्यासाठी हे लिहितेय ते: पहिल्या दिवशी त्यांनी माझी थायरॉइडची तपासणी करून घेतली. ती नॉर्मल आल्यावरच पुढे गेले.

पोहायची असते तशी घट्ट टोपी घालून पेनाने खुणा केल्या. मग कॉइल फिरवत एक-एक खटका. अचानक माझा उजवा अंगठा आपोआप टुणकन उडाला! मी हलवला नव्हता. किती जोराच्या खटक्याने अंगठा हलतो त्यावरून तुमचा डोस ठरतो म्हणे. नंतर कॉइल कपाळाच्या डावीकडे वर. आवाज सुतारपक्ष्यासारखा, टकटकटकटक, मग थांबायचं, परत टकटक. कानात बोळे देतात. भुवई फडफडायची, दात एकमेकांवर आपटायचे. पहिला आठवडा डोकं दुखलं. आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी आपण होऊन बाळाला तेल लावायला घेतलं, आणि सासूबाई दारात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या.

वजन मात्र तसूभर कमी झालं नाही. पाळी यायची तेव्हाच आली.

चुंबकमित्र | सकाळी ९:१५

एवढा खर्च कशाला? मॅग्नेटिक गादी वापरा. मी १२ वर्षं झोपतोय. रक्तात लोह असतं, चुंबकाने रक्ताभिसरण सुधारतं, सर्व ग्रंथी संतुलित. सोबत चुंबकीय पाणी. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, डेमो घरी येऊन देतो.

वायरमन_सोलापूर | सकाळी ९:३२

आला का गादीवाला! अहो साहेब, गादीतलं चुंबक जागचं हलत नाही. क्षेत्र बदलत नाही म्हणजे वीज उत्पन्न होत नाही, विषय संपला. फॅरेडेचं मी वर लिहिलंय ते वाचा. आणि रक्तातलं लोह हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं, ते खिळ्यांसारखं चुंबकाला चिकटत नाही. चिकटत असतं तर एमआरआयमध्ये गेलेला माणूस परत बाहेर आला नसता.

टवाळ_बोका | सकाळी ९:४०

माझ्या काकांकडे ती गादी आहे. तिच्यावर फक्त त्यांच्या किल्ल्या चिकटतात.

हिमगंध | दुपारी २:५०

सायकियाट्रीत आहे, हे उपचार रोज देते, म्हणून जरा सविस्तर. (जेवणाच्या सुट्टीत टंकतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.)

आरटीएमएसला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणं यांना परवानगी देणारी तिथली सरकारी संस्था) २००८ मध्ये डिप्रेशनसाठी मान्यता दिली, तीही औषधाने गुण न आलेल्यांसाठी. २०१८ मध्ये ओसीडीसाठी (तेच तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार), २०२० मध्ये सिगरेट सोडायला मदत म्हणून. एका प्रकारच्या यंत्राला मायग्रेनसाठीही आहे. थायरॉइड, पीसीओडी, पाळीच्या तक्रारी, वंध्यत्व यातलं काहीही त्या यादीत नाही. जाहिरातीत "एफडीए मान्यताप्राप्त" लिहिलं असेल तर ते यंत्राबद्दल खरं आणि तुमच्या आजाराबद्दल खोटं आहे. ही चलाखी नवी नाही.

डिप्रेशनमध्ये ते चालतं हे मी डोळ्यांनी बघते. औषधाने भागलं नाही अशांपैकी साधारण निम्म्यांना चांगला फरक पडतो, तिसऱ्या हिश्श्याला जवळजवळ पूर्ण आराम. प्राजक्ताताईंचं एकेक सेशन ३७ मिनिटांचं असावं. आता तीन मिनिटांत होणारी थीटा बर्स्ट पद्धतही आहे. कॅनडात ४१४ पेशंटवर दोन्हींची तुलना झाली, २०१८ मध्ये निकाल आला: छोटी पद्धत मोठीपेक्षा कमी पडत नाही. शॉक देणं वेगळं, हे वेगळं. यात भूल नाही, फिट आणली जात नाही. चुकून फिट येण्याचा धोका हजारात एखाद्याला किंवा त्याहून कमी, पण तो आहे. म्हणूनच सगळी विचारपूस आधी करावी लागते. शेवंतीताई, तुम्हाला त्या सेंटरवर फिटबद्दल कोणी विचारलं का?

आता थायरॉइड. तुमच्या सोसायटीची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. पिट्युटरी म्हणजे वॉचमन, टीएसएच म्हणजे त्याची हाक: "मोटार चालू करा!" मोटार म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी. तुमचा टीएसएच ९.८ आहे, म्हणजे वॉचमन घसा फोडून ओरडतोय. तो झोपलेला नाही! मोटार दमलीये, बहुतेकांमध्ये शरीराच्याच प्रतिकारशक्तीने तिला पोखरलेलं असतं. आणि सेंटरवाले वॉचमनला जागं करायचे ६५ हजार मागतायत.

वॉचमनच आजारी, असे पेशंटही असतात. बाळंतपणात फार रक्त गेल्याने पिट्युटरी सुकते, त्याला शीहान सिंड्रोम म्हणतात, आपल्याकडे अजून दिसतो. त्यांना कमी पडलेले हार्मोन गोळ्यांनी भरून द्यावे लागतात. प्रोलॅक्टिन (अंगावरचं दूध आणणारं हार्मोन) वाढवणारी छोटी गाठ असली तर आठवड्यातून एक-दोनदा घ्यायच्या गोळीने बहुतेकदा आटोक्यात येते, काहींना नाकातून ऑपरेशन. पिट्युटरीचे सगळे आजार एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) बघतात, त्यांच्या कपाटात कॉइल नसते.

शेवंती | सायंकाळी ६:२५

डॉक, फिटबद्दल नाही विचारलं. राशी विचारली होती. (खरंच.)

मग तो ब्रेन मॅप? त्यात मधोमध लाल दिसतंय ते काय आहे? आणि खरं सांगू का, सगळं वाचूनही मन मानत नाही. सात वर्षं गोळी घेतेय आणि आकडा वाढतोच आहे, मग गोळी तरी कुठे चालतेय?

हिमगंध | रात्री ८:१०

राशी!! बरं.

तारांच्या टोपीने ईईजी निघतो. टाळूवर लावलेल्या तारांना मुख्यतः मेंदूच्या वरच्या थरातली विजेची कुजबुज ऐकू येते. हायपोथॅलॅमस असतो बदामाएवढा आणि पार खोल, त्याचा आवाज तिथे पोचत नाही. लाल रंग म्हणजे एखादी लहर सरासरीपेक्षा जास्त, एवढंच. दात आवळून बसलात, डोळे मिचकावले, एसीत झोप आली, तरी रंग बदलतात. त्या चित्रावरून हार्मोनचं निदान करणारा अजून जन्माला यायचाय.

खोदकाम | रात्री ९:३०

थोडा विरोधी सूर लावतो. "काहीच संबंध नाही" हेही बरोबर नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत मार्क जॉर्ज यांच्या गटाने निरोगी माणसांच्या कपाळामागच्या भागावर हे उद्दीपन देऊन रक्त तपासलं, तर टीएसएच वाढलेला आढळला. मिलानमध्ये ३४ लठ्ठ लोकांवर तीन गट करून प्रयोग झाला, २०१९ मध्ये छापून आला. खोल जाणाऱ्या कॉइलचं पाच आठवडे वेगवान उद्दीपन घेतलेल्यांचं वजन खोटं उद्दीपन घेतलेल्यांपेक्षा जास्त उतरलं. हाव आणि भूक यांच्यावर मेंदूतून असर होतो असं त्यांचं म्हणणं. पीसीओडीत वजन उतरलं की पाळी सुधारते हे सगळे डॉक्टर सांगतात. मग आशेला जागा आहे की नाही?

हिमगंध | रात्री ९:५८

चांगले मुद्दे, पण अर्धे. १९९६ च्या प्रयोगात टीएसएच वाढला! शेवंतीताईंचा आधीच वाढलेला आहे, त्यांना आणखी वाढवून काय करायचंय? शिवाय तो बदल तात्पुरता आणि छोटा, निरोगी लोकांमधला. उपचार म्हणून त्याचा उपयोग कोणी दाखवलेला नाही.

मिलानचं काम मलाही रोचक वाटतं. पण ३४ माणसं तीन गटांत, म्हणजे एका गटात दहा-बारा. आणि तिथे इलाज लठ्ठपणावर होता, खाण्यावर नियंत्रण धरून. ते दाखवून पुण्यात पीसीओडीचं पॅकेज विकणं म्हणजे पुढच्या वर्षीच्या पावसावर यंदाची पेरणी.

जाता जाता, हार्मोन आणि या यंत्राचं एक नातं मात्र पक्कं आहे, ते उलट्या दिशेचं. १९९९ मध्ये निरोगी बायकांवर महिन्याच्या वेगवेगळ्या दिवशी याच यंत्राने मोजमाप केलं, तर पाळीआधीच्या पंधरवड्यात, प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वर असताना, मेंदूचा ब्रेक जास्त घट्ट लागलेला दिसला. म्हणजे पाळीआधी "डोकं वेगळंच चालतं" असं बायका सांगतात तेव्हा ते मोजता येण्यासारखं असतं. हे यंत्र मला सगळ्यात आवडतं ते असं, मोजपट्टी म्हणून.

नदीकाठ | रात्री १०:३०

मी ४९, पाळी जायच्या बेतात. रात्री घाम, दिवसा चिडचिड, आणि हल्ली कशातच रस नाही. मला उपयोग होईल का हो याचा?

हिमगंध | रात्री १०:४४

ताई, घामासाठी नाही, त्यासाठी गायनॅककडे जा, चांगले उपाय आहेत. "कशातच रस नाही" हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर मात्र ते वेगळं मोजायला हवं. ते डिप्रेशन निघालं आणि औषधाने हललं नाही, तर हे यंत्र तुमच्या कामाचं आहे. पण आधी टीएसएच आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. थायरॉइड मंदावलेला माणूस हुबेहूब उदास माणसासारखा दिसतो, आणि अशाला चुंबक देत बसलं तर दोघांचाही वेळ जातो.

माई_कोल्हापूर | ५ जून, पहाटे ५:५०

मी शिकलेली कमी, पण थायरॉइडची गोळी २२ वर्षं खातेय. शेवंती, बाळ, एक सांग. तू ती गोळी घेतेस कधी आणि कशाबरोबर?

शेवंती | सकाळी ८:०५

माई, साडेसहाला उठते, चहा टाकते, चहाबरोबर घेते. सोबत लोहाची गोळी, हिमोग्लोबिन ९.४ आलं होतं म्हणून गायनॅकने मार्चपासून दिलीये, आणि कॅल्शियम. तिन्ही एकदमच, नाहीतर विसरायला होतं.

माई_कोल्हापूर | सकाळी ८:०९

अगं बाई.

हिमगंध | सकाळी ८:३०

माई, तुम्हाला साष्टांग नमस्कार. हे मी पहिल्या प्रतिसादात विचारायला हवं होतं.

लोह आणि कॅल्शियम पोटातच थायरॉक्सिनला (म्हणजे तुमच्या थायरॉइडच्या गोळीला) धरून ठेवतात, गोळी रक्तात पुरती उतरत नाही. दुधाचा चहाही त्यातलाच. रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर थायरॉक्सिन, त्यानंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर चहा नाही. लोह आणि कॅल्शियम चार तासांनी, म्हणजे दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाकडे ढकला. तुमच्या डॉक्टरांना हे सांगा आणि डोस वाढवायच्या आधी वेळ बदलून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत करू का असं विचारा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, त्याने थायरॉइडचे आकडे खोटे येऊ शकतात. आणि काही झालं तरी गोळी मनाने बंद करू नका, सेंटरवाले "हळूहळू सोडू" म्हणाले तरी.

टवाळ_बोका | सकाळी ९:१२

माईंचं कन्सल्टिंग किती? एकदम भरले तर सूट आहे का?

माई_कोल्हापूर | सकाळी ९:३०

तू आधी आंघोळ करून ये.

शेवंती | १४ ऑगस्ट, रात्री ९:४५

धागा वर काढतेय. टीएसएच ३.१! डोस तोच, ७५. फक्त उशाशी पाण्याची बाटली आणि गोळी ठेवते, पाचला गजर, गोळी गिळून परत झोपते. लोह दुपारी डब्याबरोबर, कॅल्शियम रात्री. थकवा बराच कमी आहे. पाळी अजून रुसलेलीच, त्यासाठी एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे नाव घातलंय. त्यांनी साखर आणि इन्शुलिनच्या तपासण्या लिहून दिल्या, चालायला लावलंय. पीसीओडी रातोरात जात नाही हेही स्पष्ट सांगितलं.

सेंटरला नाही म्हणून कळवलं. त्यांचा फोन आला, "मॅम, तुमच्यासाठी ४५." दोन दिवसांनी ३८. मी विचारलं, थायरॉइडसाठी याचा एक तरी अभ्यास दाखवा. त्यांनी डिप्रेशनचं माहितीपत्रक पाठवलं. ब्रेन मॅपच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लेकाने डायनोसॉर काढलाय.

वायरमन_सोलापूर | रात्री १०:०२

झकास! माईंच्या नावाने पेढे.

टवाळ_बोका | रात्री ११:३८

एक गंभीर विचारायचं होतं. माझा धाकटा भाऊ, वय २९. दोन वेगवेगळी औषधं झाली, पाच महिने. नोकरी सुटली. दिवसभर पडदे लावून असतो. तुम्ही वर लिहिलंय ते परत वाचलं. त्याला हे चालेल का? लहानपणी तापात एकदा फिट आली होती. डॉक, व्यनि केला तर चालेल?

हिमगंध | रात्री ११:४१

आत्ताच करा. तापातल्या फिटचं तेव्हा वय काय होतं आणि सध्या कोणती औषधं चालू आहेत, ते लिहा. कधी मरणाबद्दल बोलला असेल तर तेही लिहा, आणि तसं असेल तर आज त्याला खोलीत एकटं ठेवू नका.

प्राजक्ता_ना | रात्री ११:५५

बोका, मलाही लिही. पहिल्या दिवशी मी त्याच्यासोबत बसू शकते, मला ती टकटक माहितीये.